कोरी किल्ली

बघू ती डबी. अरे दे इकडे, खाऊन टाकत नाही तुझी किल्ली. वा! आत मखमल, वर सोनेरी रिबीन. अंगठी द्यावी तशी दिलीय की बिल्डरने. फ्लॅट कितव्या मजल्यावर म्हणालास? अकराव्या. आणि इमारत सध्या कुठवर आलीय? ...पाया खणायचाय अजून. बरं. म्हणजे भिंत नाही, जिना नाही, दार नाही, किल्ली तेवढी आली.

गुंतवणूक म्हणून घेतलास ना? तुझ्या ताईने सांगितलं मला सगळं. आईच्या दोन खोल्या विकून बुकिंग केलंस म्हणे. मग ताबा मिळेपर्यंत आई तुझ्याकडेच? हॉलमध्ये. तात्पुरती. हं.

टोमणा नाही रे. म्हातारा माणूस, विचारलं आपलं सहज. आता दिवे गेलेत, लिफ्ट बंद आहे, गच्चीवरून खाली उतरायचं म्हटलं की माझे गुडघे आधी नाही म्हणतात. बसलोच आहोत तर एक गोष्ट ऐका दोघं. भुताची म्हणा हवं तर. मी स्वतः भूत पाहिलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं त्याचं दुकान माझ्या किल्ल्यांच्या टपरीच्या बरोबर समोर होतं, रोज सकाळी आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायचो. पोरी, तो मोबाइलचा उजेड बंद कर बघू. डोळ्यांवर येतो.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगून ठेवतो. ही तुझी किल्ली कोरी आहे. बोट फिरव, दांडा गुळगुळीत लागेल. दात नाहीत हिला. आणि कुलूप समोर असल्याशिवाय किल्लीला दात पाडता येत नाहीत, मी काय अन् दुसरा कुणी काय. नवे पाडलेले दात बोटाला टोचतात. कानशीने कितीही घासा, थोडे टोचणारच. कुणाच्या तरी हातात, खिशात, कुलपात वर्षानुवर्षं फिरली की मग ती किल्ली बोटाला मऊ लागते. ध्यानात ठेव एवढं.

तर या दुकानदाराला आम्ही बुकिंगभाऊ म्हणायचो. वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या विकायचा. सिनेमाला निघाला तरी परतीच्या गाडीचं बुकिंग आधी करून निघणार, असला माणूस. आणि एकदा त्याला हा नाद लागला. पेपरात जाहिरात आली की हा सगळ्यात आधी हजर. मला म्हणायचा, "काका, तयार घर येडा माणूस घेतो. शहाणा माणूस कागद घेतो आणि घर व्हायच्या आत विकून मोकळा होतो." घरात कुणी राहतं, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

त्याची एक मोठी बहीण होती. सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सगळी आळी तिला सिस्टर म्हणायची, आणि भाऊची तर ती खरीच सिस्टर. त्याची शाळेची फी तिने भरली, दुकानाचं भांडवलही तिचंच. जन्मभर रात्रपाळी केली बाईने. रात्रपाळीला दोन पैसे जास्त मिळायचे म्हणून. दिवसा झोपायची, ते पण तिच्या स्वतःच्या दोन खोल्यांतल्या रस्त्यावरच्या खोलीत. बाहेर हॉर्न, पोरांचा दंगा, भंगारवाला. निवृत्त झाली तेव्हा मला म्हणाली, "आता मला एकच हवंय बघ. रस्त्यापासून लांब एक खोली आणि तिला दार. दार लावून झोपायचंय मला. आजवर दुसऱ्यांच्या उशाशी जागले."

भाऊने तिच्या त्या खोल्या विकायला लावल्या. म्हणाला, ताई, तुला नवव्या मजल्यावर घर घेऊ, बेडरूम मागच्या बाजूला, चिमणीचासुद्धा आवाज येणार नाही. शेजारचा फ्लॅट मी गुंतवणूक म्हणून घेतो. कागद दोन्हीचे माझ्या नावावर ठेवू, या वयात तुला सह्यांसाठी कुठे खेपा घालायला लावू? तिने मान हलवली. ज्याला बोट धरून शाळेत सोडलं त्याच्याशी कागदांवरून कोण वाद घालतं?

बुकिंगच्या दिवशी मीही गेलो होतो. मोकळं माळरान, त्यावर मांडव. गवतात खुर्च्या. बिल्डरने एकेकाला बोलावून अशीच डबी दिली, अश्शीच, आणि फोटो काढले. सिस्टरने डबी उघडली, किल्ली काढली आणि माळावर उभी राहून वर बघायला लागली. नववा मजला साधारण कुठे येईल ते बघत होती. तिथे एक घार फिरत होती.

"दीड वर्षात ताबा," बिल्डर म्हणाला.

तोवर सिस्टर भाऊकडे राहायला गेली. तात्पुरती. बाल्कनी काचांनी बंद केली होती, त्यात तिची खाट. पायथ्याशी कपडे धुवायचं मशीन, उशाशी चपलांचा स्टँड. दार नव्हतं. पडदा होता, भाऊच्या बायकोने जुन्या चादरीचा केलेला.

दीड वर्ष झालं. तीन झाली. सहा झाली. इमारत चौथ्या मजल्यावर येऊन थांबली ती थांबलीच. वर नुसत्या गंजक्या सळया. बिल्डरने हात वर केले. सिस्टरने त्याच्या ऑफिसात दातांच्या कण्या केल्या, भाऊने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, निदान तसं तो सांगायचा. आणि दर महिन्याला पेन्शन काढून परत जाताना सिस्टर माझ्या टपरीवर थांबायची. किल्लीच्या भोकात तिने पट्टीच्या कापडाची एक चिंधी बांधली होती, दवाखान्यातल्यासारखी घट्ट चौकोनी गाठ मारून. ती चिंधी धरून किल्ली पुढे करायची.

"काय, आज पाडतोस का दात?"

नवखं गिऱ्हाईक असेल तर दचकून बघायचं. मी म्हणायचो, "कुलूप आणा सिस्टर, लगेच पाडतो."

"दार बसलं की आणते."

आमचा ठरलेला विनोद होता हा. पुढे पुढे ती हसत नव्हती, पण विचारायची मात्र.

मग दुसऱ्या बिल्डरने ती इमारत घेतली. भराभर स्लॅब पडले. नववा मजला झाला, रंग लागला, भाव असा काही चढला की भाऊला रात्री झोप येईना. त्याने दोन्ही फ्लॅट विकले. स्वतःचा विकला आणि तिचाही विकला. घेणारा दूर देशी राहणारा माणूस, त्यालाही ते गुंतवणूक म्हणूनच हवे होते. त्या अख्ख्या इमारतीत राहायचं असं कुणालाच नव्हतं. एका म्हातारीला सोडून.

घरात हा बोलला नाही. "होईल गं ताई, पुढच्या महिन्यात," एवढंच. तिला कसं कळलं असेल? ती एकटीच गेली साइटवरच्या ऑफिसात, ताब्याचं विचारायला. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुमचं नाव इथे कधी नव्हतंच."

तशीच ती टपरीवर आली. मी सवयीने म्हटलं, "कुलूप आणलं का सिस्टर?" तिने किल्ली मुठीत धरलेली होती. पुढे केली नाही.

"राहू दे," म्हणाली. "दातांचं मी बघते."

घरी जाऊन तिने भाऊला जाब विचारला नाही. हे मला जास्त लागलं, सांगतो. शिव्या घातल्या असत्या, ताट भिरकावलं असतं, तर तो सुटला असता. ती गप्प जेवली आणि पडद्यामागे गेली. पुढे थोड्याच दिवसांत, एका सकाळी, झोपेतच गेली. पायाशी मशीन धडधडत होतं. कपडे वाळत घालायला सून... म्हणजे भाऊची बायको आली, तेव्हा कळलं. मूठ मिटलेली. चिंधीचं टोक तेवढं बाहेर. बोटं उघडेनात. शेवटी कुणीतरी म्हणालं, जाऊ दे तिच्याबरोबर, पितळेचा तर तुकडा. गेली ती किल्ली तिच्याबरोबर. माझ्या डोळ्यांदेखत.

आता त्या रात्रीचं सांगतो. मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. चंद्र नव्हता आकाशात.

करार असा होता की ताबा आधी भाऊने घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या परदेशवाल्याच्या माणसाला द्यायचा. त्याप्रमाणे शनिवारी दुपारी भाऊ गेला, सह्या केल्या, खऱ्याखुऱ्या दातांच्या किल्ल्या घेतल्या, नवव्या मजल्यावर जाऊन दोन्ही फ्लॅट बघून आला. रात्री जेवताना लक्षात आलं, चष्मा राहिला. ताईसाठी म्हणून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकाच्या ओट्यावर. सकाळी परत सह्या करायच्या, आणि चष्म्याशिवाय त्याला स्वतःचं नाव दिसायचं नाही. म्हणाला, पटकन जाऊन येतो. बायकोने सांगितलं, येताना दूध आण.

इतकं साधं काम होतं बघा.

इमारतीत अजून कुणी राहायला आलं नव्हतं. गेटवर वॉचमन शेगडीपाशी बसलेला. भाऊने नववा मजला सांगितला. वॉचमन म्हणाला, "जा की. बाई आहेत वर."

"कोण बाई?"

"दुपारी ताबा घेतला ना तुम्ही? तुम्ही गेलात आणि त्या आल्या. तुमच्याच घरच्या म्हणाल्या."

भाऊला वाटलं, बायको आली असेल. मग आठवलं, बायकोने तर आत्ता वाढलं. मग वाटलं, साफसफाईवाली असेल. लिफ्टमध्ये शिरला. आत सगळीकडे प्लायवूड ठोकलेलं, आरसा नाही. नववा मजला आला. दार उघडलं.

अंधार. लांब बोळ. दोन्हीकडे बंद दारं. रंगाचा वास.

एका दाराखाली उजेडाची रेघ होती.

त्याच दाराखाली.

भाऊने किल्ली घातली. अर्धी गेली. पुढे जाईना. आतून दुसरी किल्ली लावलेली असली की असं होतं. त्याने ढकलली. नाही. मग त्याने दार वाजवलं.

आत कुणीतरी चाललं. रबरी तळाचे बूट. फरशीवर... चुक. चुक. चुक. तो आवाज त्याने लहानपणापासून ऐकला होता. पहाटे. ड्युटीवरून येताना.

दारापाशी थांबला आवाज.

"कोण?"

...

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"भाऊ... ताई, मी आहे. भाऊ."

  मग,

"काय हवंय?"

त्याच्या मनात काय काय आलं असेल. पाय धरावेत, माफी मागावी. पण तोंडातून निघालं ते खरं तेच.

"चष्मा."

बूट लांब गेले. परत आले. खाली बघितलं त्याने. दाराखालच्या फटीतून चष्मा बाहेर येत होता. हळूहळू. काड्या मिटलेल्या. काचा पुसलेल्या.

तो उचलायला वाकला. तोंड दाराच्या अगदी जवळ होतं. पलीकडूनही कुणीतरी वाकलेलं असावं... कारण पुढचं एकदम कानापाशी आलं.

"आणखी काही राहिलंय का तुझं माझ्याकडे?"

...

"नाही ना? मग जा. ताबा मिळाला मला. दार लावून झोपते आता."

आणि दाराखालची रेघ विझली.

...

भाऊ जिन्याने उतरला. कसा, ते त्याला माहीत नाही. माझ्या दारात आला तेव्हा त्याची दातखीळ बसली होती. पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, मग एकेक शब्द बाहेर आला. सगळं सांगून झालं. हमसून हमसून रडला. मला वाटलं, सुटला हा आता, आता म्हणेल की काका, मी काय केलं हे.

तर डोळे पुसून म्हणाला, "हत्यारं घ्या काका. सकाळी दहाला माणूस येतोय."

मी गेलो. भाऊसाठी नाही गेलो. का गेलो विचारू नका.

वॉचमन बॅटरी घेऊन आला बरोबर. बोळ काळोखा. मी दार वाजवलं, हाक मारली, "सिस्टर." काही नाही. भाऊच्या किल्लीने बघितलं. खरंच आतून किल्ली होती. अशा वेळी आम्ही एक करतो. दाराखालून वर्तमानपत्र आत सरकवायचं, भोकातून तार घालून आतली किल्ली ढकलायची, ती कागदावर पडते, मग कागद ओढून घ्यायचा. शंभरदा केलंय मी.

कागद सरकवला. तार घातली. ढकलली. किल्ली सुटल्याचं हाताला कळलं.

पडल्याचा आवाज यायला हवा.

नाही आला.

वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. मी कागद ओढला. किल्ली होती त्यावर. मधोमध. कुणीतरी ठेवल्यासारखी. तिला पट्टीच्या कापडाची चिंधी होती... चौकोनी गाठ मारलेली.

मग दार उघडलं. भाऊच्याच किल्लीने, लोण्यासारखं. बॅटरी फिरवली. रिकामं घर. खिडक्या बंद. छताला नुसते होल्डर लोंबत होते, बल्ब एकही नाही. फरशीवर पांढरी धूळ, त्यात भाऊच्या दुपारच्या बुटांचे ठसे ओट्यापर्यंत गेलेले आणि परत आलेले. दुसरे नाहीत. मागच्या बेडरूमचं दार लावलेलं होतं.

"दुपारी हे उघडं होतं," भाऊ म्हणाला.

आम्ही तिघं उभे. कुणी पुढे होईना.

बाहेर आलो. आणि तिथे, त्या बोळात, भाऊने मला विचारलं, "नवीन कुलूप बसवायचं काय घ्याल? सकाळच्या आत व्हायला हवं."

मी म्हटलं, "फुकट बसवतो. तू फक्त आत जा, बेडरूमचं दार वाजव आणि तिला सांग, घर खाली कर म्हणून."

तो नाही गेला.

कुलूप सकाळी दुसऱ्या कुणीतरी बसवलं. तो माणूस आला, बाहेरच्या बाहेर सह्या झाल्या. तेव्हापासून तो फ्लॅट हातोहात विकला जातोय. कागदावर. राहायला एकजण गेला नाही, आणि जाणार पण नाही, कारण तो घेतात ते राहायला घेतच नाहीत. वॉचमन सांगतो, भाव मात्र चढतोच आहे. भाऊने दुकान बंद केलं. घरीच असतो. दार वाजलं तर आतून "कोण?" असं विचारत नाही तो. आपण बाहेर उभं राहून नाव सांगायचं, मग उघडतो.

झाली गोष्ट.

तुझे कागद कुणाच्या नावावर आहेत रे? ...असू दे. मला नको सांगूस. आईला सांग.

काय म्हणालीस पोरी? ती किल्ली कुठाय? इथेच आहे. या खिशात. भाऊने हात लावला नाही, मग मी कुणाला देणार? घे रे. चिंधी सांभाळ, जीर्ण झालीय. उजेड नको, अंधारातच बघ. त्या दाराचं ते पहिलं कुलूप बसवून त्या रात्री आठवडासुद्धा झाला नव्हता. आणि ही माझ्याकडे यायची तेव्हा तुझ्या त्या डबीतल्यासारखीच होती, कोरी. आता दांड्यावरून बोट ने पुढे. हां, लागले ना? पाच आहेत. आता नीट फिरव त्यांच्यावरून. दाबून फिरव.

टोचतात का?